एकवीस नावांचा रस्ता

२०१६ साल. रंगाआण्णा तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होता आणि कुंडलहून मिरजेला जाणारी पेशंटांची गाडी चालवत होता. मी त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. गाडी गावच्या मंडळाची. रविवार सोडून रोज पहाटे साडेपाचला देवळापुढून निघायची. ज्यांच्या किडन्या गेल्या त्यांना मिरजेच्या दवाखान्यात डायलिसिसला न्यायचं आणि दुपारी परत आणायचं. एका खेपेला सहा पेशंट. सोमवार-बुधवार-शुक्रवार एक पाळी, मधल्या दिवशी दुसरी.

माझं काम पेशंट उचलून गाडीत ठेवायचं, दवाखान्यात खुर्ची ढकलायची. हे मला पटलेलं नव्हतं. शाळा माझी चौथीपर्यंत. पाचवीत मास्तरांनी हात उगारला, तेव्हा मी दप्तर तिथंच टाकून आलो, परत आणायलासुद्धा गेलो नाही. पण गाडी म्हणाल तर फौजेत बावीस वर्षं चालवली, लेहच्या बर्फात चालवली. नाईक होऊन घरी आलो. गावात फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, तसा मीही मेजर. असा माणूस असताना मंडळाच्या बैठकीत ठरलं की स्टेअरिंग रंगाआण्णाकडं आणि मेजर सोबतीला. का, तर आण्णाच्या गाडीला देव राखतो. मी म्हणालो, "देव ब्रेक मारत न्हाई." बैठक हसली. आण्णा कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "न्हाईच मारत गड्या. कुठं मारायचा तेवढं सांगतोय."

आता तो नाही. त्याच्याबद्दल लिहायला मला कुणी सांगितलेलं नाही. पण गावात त्याची जी गोष्ट सांगतात ती अर्धीच आहे, आणि उरलेली अर्धी माझ्याकडं आहे.

आण्णा हाडानं बारीक, मानेनं लांब. कायम पांढरा शर्ट, त्याची वरची गुंडी लावलेली. बोलणं इतकं हळू की समोरच्यानं वाकावं. पहाटे तो गाडी चालू करायचा, खाली उतरायचा, पुढं येऊन डावा तळहात बॉनेटवर ठेवायचा आणि डोळे मिटायचा. "इंजन गरम हुईस्तोवर माझं काम," म्हणायचा. मग नावं सुरू व्हायची. कुंडलपासून मिरजेपर्यंत रस्त्याकडेला जेवढे देव आहेत त्यांची नावं, रस्त्यात येतात त्याच क्रमानं. एकूण एकवीस. नुसती नावं नाहीत, प्रत्येकाला काय लागतं तेही.

"वेशीचा मारुती, तुला सावकाश. पलूसच्या अलीकडची मरीआई, तुला डावी बाजू. चिंचेखालचा पीर, तुला नुसतं बघितलं तरी चालतंय. काट्याजवळचा म्हसोबा, तुला दोन हॉर्न. येरळेच्या पुलाची सटवाई, तुला दुसरा गिअर…"

हे सगळं त्यानं तरुणपणी ज्याच्या हाताखाली ट्रक शिकला त्या म्हाताऱ्या ड्रायव्हरकडून घेतलेलं. तो म्हातारा म्हणायचा, रस्ता पाठ करू नकोस, रस्ता विसरतो. रस्त्यातले देव पाठ कर. जिथं वळण वाईट, जिथं उतार फसवा, तिथं पूर्वीच्या माणसांनी कधी तरी शेंदूर लावलेलाच असतो. आधी कुणी तरी पडतं, मागून देव येतो.

थंडीच्या दिवसांत कृष्णेकडून धुकं उसावर चढायचं आणि गाडीच्या चाकांपर्यंत यायचं. दिव्याच्या उजेडात ते दुधासारखं हलायचं. गाडीत पेशंट शालीत गुरफटून बसलेले, अर्धे झोपेत. इंजनाची घरघर, आणि त्या घरघरीखाली आण्णाचा आवाज. ऐकता ऐकता माझेही डोळे जड व्हायचे. मग मला रस्ता दिसायचा. चिंच यायची, मागं जायची. पूल यायचा, खाली पाणी असल्याचा गारवा लागायचा. नांद्र्याच्या पिंपळाची पानं न हलताच सळसळायची. करनाळ यायचं, सांगलीची पहिली दिवाबत्ती यायची. आम्ही रोज दोनदा मिरजेला जायचो, एकदा आण्णाच्या तोंडून आणि एकदा गाडीतून. पहिल्या खेपेला कधी धक्का बसला नाही.

सगळ्यात शेवटी दवाखान्याच्या गेटावरचा वॉचमन. एकविसावा तो. "ह्याला हात जोडल्याबगार गाडी आत जात न्हाई," आण्णा म्हणायचा. पेशंट तेवढ्यापुरते जागे होऊन हसायचे. हसले की तो डोळे उघडायचा.

गाडीत मात्र देव नव्हता. ना डॅशबोर्डवर गणपती, ना आरशाला माळ, ना पुढं लिंबू-मिरची. मंडळातल्या एका पोरानं दत्ताचा फोटो आणून दिला तर आण्णानं तो देवळात नेऊन ठेवला. इंदूकाकू म्हणून एक पेशंट होत्या, सोमवारच्या पाळीतल्या. त्यांची जीभ कातरीसारखी. त्यांनी विचारलं, "एवढं देवाचं करतोस, आन् गाडीत देव न्हाई व्हय रं?"

"काकू, गाडीत बसवला की त्यो बी पेशंट. मग त्येला बी मीच संबाळायचा. त्यो रस्त्यावर असलेला बरा."

करनाळच्या अलीकडं एक म्हातारी पहाटेच शेरडं घेऊन रस्ता ओलांडायची. तिचंही नाव यादीत होतं. शेरडंवाली आक्का, तुला थांबून. मला हे फारच झालं. मी म्हणालो, "आण्णा, ती जित्ती हाय की. ती कवा देव झाली?"

"जित्ती हाय म्हणून तर नाव घ्यायचं. मेलेल्याला गाडीचा धक्का लागत न्हाई."

मी कुणाचं ऐकून घेणारा नाही, पण हे ऐकून घेतलं. त्या दिवशी करनाळजवळ गाडी थांबली, म्हातारी काठी टेकत धुक्यातून आली, एक एक शेरडू दिव्यांपुढून गेलं, शेवटचं करडू मध्येच उभं राहून आमच्याकडं बघत राहिलं. आण्णानं हॉर्न वाजवला नाही. म्हातारीनं मागं वळूनही बघितलं नाही. तिला माहीतच नव्हतं की आपण कुणाच्या तरी देवांत आहोत.

मग रस्ता रुंद झाला. पलूसच्या पुढचा एक मारुती आडवा येत होता, तो लोकांनी वाजतगाजत उचलून तीस-चाळीस पावलं मागं नव्या ओट्यावर बसवला. दुसऱ्या दिवशी पहाटे बघतो तर आण्णाची नावं बावीस. मी बोटांवर मोजली होती. मोजायची सवय फौजेची, तिचा देवाशी संबंध नाही.

"आण्णा, मारुती दोनदा आला."

"एकदा नव्या जागंला, एकदा जुन्या."

"जुन्या जागंला आता काय हाय? डांबर."

"मारुती उचलला रं. वळण कुठं उचललं?"

महिन्याभरानं त्यानं पलीकडचा एक बुजलेल्या विहिरीचा देव कमी केला आणि पुन्हा एकवीस केले. "तितं आता धोका न्हाई," म्हणाला. देवाला असं रिटायर करणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

एकदा गावातल्या एकाची लेक बाळंतपण होऊन सासरी लोणंदला पोचवायची होती. रविवार ठरला होता, गाडी मोकळी, मंडळानं होकार दिला. आण्णानं दिला नाही. म्हणाला, "तो रस्ता मी कवा केला न्हाई. आधी बघून येतो." आणि आदल्या रविवारी एसटीनं निघाला. मंडळानं मलाही बरोबर पाठवलं. बाळंतिणीला पोचवायच्या आधी दोन म्हातारे नुसता रस्ता बघायला लोणंदला निघाले, हे ऐकून सगळं गाव हसलं.

आण्णा पुढच्या बाकावर बसला. रस्त्याकडेला शेंदूर दिसला की कंडक्टरला विचारायचा, "ह्यो कोण?"

"कोण म्हंजी?"

"ह्यो बसलाय त्यो."

कंडक्टर माझ्याकडं बघायचा. मी खिडकीबाहेर बघायचो, ह्या माणसाची माझी ओळख नसल्यासारखा. पण साताऱ्यात गाडी बदलल्यावर दुसरा कंडक्टर भेटला तो निघाला देवभोळा. तो आपण होऊन सांगायला लागला. उजव्या हाताला जरंडेश्वराचा डोंगर आला, माथा ढगात बुडालेला. आण्णानं हात जोडले पण ओठ हलले नाहीत. मी म्हणालो, "ह्याचं नाव न्हाई घेतलंस?"

"लांबच्या देवाला नमस्कार. नाव रस्त्याकडंच्याचं."

सालप्याच्या घाटात एका वळणावर नुसता चुना फासलेला दगड होता. कंडक्टरला माहीत नाही, एसटीच्या ड्रायव्हरला माहीत नाही. लोणंदला उतरल्यावर आण्णानं स्टँडवरच्या भेळवाल्याला विचारलं, पान खात बसलेल्या दोघांना विचारलं. कुणालाच माहीत नाही. परतीच्या गाडीत तो पुन्हा पुढच्या बाकावर बसला. घाट चढताना ऊन कलतं झालं होतं, सगळा उतार पिवळ्या गवताचा, आणि त्यात तो पांढरा दगड एवढासा, गुरं राखायला बसलेल्या माणसासारखा. आण्णा पुटपुटला, "सालप्याचा बिननावाचा, तुला पहिला गिअर." पुढच्या रविवारी बाळंतिणीला घेऊन गेलो तेव्हा त्या वळणावर गाडी इतकी हळू झाली की गवताचा वास आत आला. आईच्या मांडीवर बाळ झोपलं होतं. ते जागं झालं नाही.

असा तो होता. मला त्याचा रागही यायचा, कारण त्याचं कौतुक माझ्या डोळ्यांपुढं चालायचं. लोक पाया पडायचे, मी खुर्ची ढकलायचो.

आता ती दुसरी अर्धी गोष्ट.

पुढच्या वर्षीचा थंडीचा हंगाम. ऊस डोक्याच्या वर. एका सोमवारी आण्णा नावं घेत होता. चिंचेखालचा पीर झाला, आणि एकदम येरळेच्या पुलाची सटवाई आली. मधला म्हसोबा आला नाही. मला वाटलं माझाच कान चुकला. उसाच्या वजनकाट्याजवळच्या त्या वळणाला गाडी गेली ती हॉर्न न देता. समोर कुणी नव्हतं. मंगळवारी त्यानं बरोबर नाव घेतलं. मी म्हणालो, चला, कानच चुकला.

बुधवारी परत चुकला. त्या वळणावर दोन्ही बाजूंनी ऊस, पुढचं काही दिसत नाही. हॉर्न नाही. आणि आडव्या पाणंदीतून ट्रॅक्टर बाहेर आला, मागं दोन ट्रॉल्या, टेप मोठ्यानं लावलेला. आण्णानं ब्रेक मारला. गाडी थांबली तेव्हा ट्रॉलीतून लोंबणारं उसाचं वाढं काचेवर घासत होतं. मागं एका पेशंटचं डोकं पुढच्या बाकावर आपटलं, पण लागलं नाही कुणाला. मग इंदूकाकूंनी हात जोडले.

"आण्णाची पुण्याई म्हणून वाचलो गं बाई."

सगळे म्हणाले, व्हय, आण्णाची पुण्याई. आण्णानं गाडी थोडी मागं घेतली. तो मला म्हणाला, "मेजर, ह्यो कुठनं आला रं?" त्याला खरंच कळलेलं नव्हतं.

मला माहीत होतं. एकट्याला. आणि मी गप्प बसलो.

का बसलो ते लिहितो, लपवत नाही. मी बोललो असतो तर गाव म्हणालं असतं, मेजरला पहिल्यापासून स्टेअरिंगच पाहिजे होतं. मला कुणी असं म्हणणं खपत नाही. शिवाय आण्णाचा नेम सगळ्या गावाला ठाऊक होता. त्यानंच सांगितलं होतं: ज्या दिवशी एक देव चुकेल त्या दिवशी किल्ली ठेवीन. म्हणजे त्याची गाडी माझ्या एका शब्दावर होती आणि गाडीतल्या सहा माणसांचा जीव माझ्या गप्प बसण्यावर. आपला मान राखायचा म्हणून मी सहा माणसं पणाला लावली.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो, सांगायचं म्हणून. तो अंगणात बसून चपलेचा अंगठा शिवत होता. वहिनींनी चहा आणला आणि हळूच म्हणाल्या, "हल्ली देवापुढं दिवा दोनदा लावत्यात. एकदा लावला की इसरत्यात." आण्णा हसला. "दोनदा लावला तर देवाला काय उजेड जास्ती हुतोय व्हय?" मी चहा पिऊन परत आलो.

गुरुवारी एकवीसच्या एकवीस बरोबर. मला इतकं बरं वाटलं की दवाखान्यात मी विनाकारण वॉचमनशी बोलत बसलो.

शुक्रवारी धुकं दाट होतं. गाडीत इंदूकाकू आणि बाकी पाच. आण्णानं बॉनेटवर हात ठेवला. मी दुसऱ्या बाजूला उभा. मारुती, मरीआई, पीर.

"येरळेच्या पुलाची सटवाई…"

"म्हसोबा राहिला, आण्णा."

त्यानं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "कुठला म्हसोबा?"

राहिला का, असं त्यानं विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो, माझाच कान चुकला म्हणालो असतो. त्यानं विचारलं, कुठला.

"काट्याजवळचा. दोन हॉर्नवाला."

तो बराच वेळ बघत राहिला. माझ्याकडं नाही, त्या रस्त्याकडं, जो डोळे मिटून त्याला दिसायचा. ओठ हलत होते. पीर, मग… पीर, मग… धुकं त्याच्या शर्टापर्यंत आलं होतं.

"व्हय," तो म्हणाला. "उसातला. व्हय." मग विचारलं, "कवापासनं?"

"आज तिसऱ्यांदा."

"म्हंजी त्यो ट्रॅक्टर…"

"व्हय."

"आन् तू गप बसलास."

"लोक म्हणली असती, मेजरला स्टेअरिंग पायजे हुतं."

"मग म्हणली असती." पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "म्हणल्यानं मेली असती का माणसं? माझ्या देवाला हसतोस, हस. पर मागं सहा जीव बसत्यात रं."

मी मान खाली घातली. फौजेतल्या साहेबापुढंही मी ती कधी घातली नव्हती.

त्यानं आत हात घालून इंजन बंद केलं, किल्ली काढली आणि बॉनेटवर ठेवली. मग दार उघडून पेशंटांना म्हणाला, "आजपासनं मेजर गाडी चालवणार. माझा एक देव चुकला."

इंदूकाकू म्हणाल्या, "एकच की रं आण्णा. बाकीचं वीस हायत की!"

"काकू, अपघाताला एकच लागतोय."

काकू रडायला लागल्या. मला वाटतं त्या स्वतःसाठीच रडल्या, ह्या गाडीतून जाताना आता भीती वाटणार म्हणून. मी किल्ली उचलली. ती गरम होती. त्या दिवशी निघण्याआधी मी नावं घेतली का, हे मला कुणी विचारू नये. काट्याजवळ दोन हॉर्न दिले एवढं सांगतो. आरशात आण्णा देवळापुढं उभा दिसला, हात मागं बांधलेले, मग नुसता पांढरा शर्ट दिसला, मग धुकं आणि तो वेगळे राहिले नाहीत.

दिवसभर मला वाटत होतं, आता हा माणूस घरात बसून झिजणार. दुपारी परत आलो तेव्हा त्याचं दार बंद होतं. वहिनी म्हणाल्या, झोपलेत. मी किल्ली घरी नेली आणि उशाखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, साडेपाचला पाच कमी असताना, आण्णा आला. अंघोळ केलेली, पांढरा शर्ट, गुंडी लावलेली. त्या पाळीतले तात्या, जुने तलाठी, दोन्ही पाय सुजलेले, त्यांना त्यानं काखेत हात घालून उचललं आणि नीट बसवलं. माझं काम होतं ते. मग तो पुढं माझ्या शेजारी न बसता मागं गेला आणि तात्यांच्या बाजूला, पेशंटांत बसला. खांद्यावरचा टॉवेल मानेखाली घेतला. "चल मेजर," म्हणाला.

पलूस गेलं. चिंच गेली. मागून घोरण्याचा आवाज आला. तात्या पुढं वाकून कुजबुजले, "आवं मेजर, आण्णा झोपलं की! उठवू का?" मी नको म्हणून मान हलवली. पूल मागं पडला, पूर्वेला उसाच्या शेंड्यांवर उजेड आला, आणि एका खड्ड्यात चाक गेलं तसा तो जागा झाला.

"कुठवर आलो रं?"

"नांद्रं मागं पडलं."

"बरं," तो म्हणाला, आणि पुन्हा डोळे मिटले.